पडीक म्हटलेल्या माळावर कोण राहतं?

एप्रिलअखेरीला दुपारी बाराच्या उन्हात आमच्या गावच्या गायरानावर उभं राहिलं, की नजरेला मुरूम दिसतो, वाळून पिवळी पडलेली कुसळी दिसते, एखादी बोर, एखादी हिवर आणि लांबवर मेंढरांचा कळप. हे गायरान भूम तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर आहे. पहिल्यांदा आलेला माणूस 'इथं तर काहीच नाही' म्हणतो. लहानपणी मीही तेच म्हणायचो.

एका उन्हाळ्यात असाच चाललो होतो आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली. मेंढरं राखणारे तात्या लांबून ओरडले, "पोरा, थांब तिथंच! पायाखाली बघ." पायापासून वीतभरावर चार अंडी होती. खड्यांच्या रंगाची, खड्यांतच ठेवलेली. घरटं म्हणजे जमिनीला जरासा खळगा, बस. त्या दिवशी मी तात्यांना विचारलं, की अशा पडीक रानात ही कशाला अंडी घालते? तात्यांना राग आला. "पडीक? कोण म्हणलं? मपल्या आज्यापसून मेंढरं ह्याच्यावरच जगली."

हा 'पडीक' शब्द कुठून आला आणि त्याच्यामुळे मराठवाड्यातल्या पक्ष्यांच्या राहत्या जागा कशा हातच्या जातात, ते इथं सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो.

जमिनीची नोंद आधी सारा, म्हणजे जमिनीवरचा कर, गोळा करण्यासाठी होती. ज्या जमिनीतून पीक येतं तिच्यावर सारा लागतो. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही, ती महसूल खात्याच्या दृष्टीनं निरुपयोगी. इंग्रजी मुलखात हा हिशेब बसवला गेला. मराठवाड्यात निजामाचा अंमल होता, तरी इथली मोजणीही साधारण त्याच धर्तीवर झाली. तेव्हापासून गावची जमीन ढोबळपणे चार नावांनी कागदावर आहे: लागवडीचं शेत, त्याच शेतातला न पिकणारा पोटखराबा, गावच्या जनावरांसाठी राखलेलं गायरान आणि वनखात्याच्या ताब्यातलं वन. यांत 'माळरान' नावाचा रकानाच नाही. गवताळ माळ कुठं गायरानात मोडतो, कुठं पोटखराब्यात, कुठं वनात. भारत सरकार उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं, त्यातही झुडपी जमीन आणि चराऊ कुरणं 'पडीक'च्या यादीत येतात.

याचा परिणाम असा होतो. वन असेल तर १९८०चा वनसंवर्धन कायदा आडवा येतो आणि केंद्राच्या परवानगीशिवाय ती जमीन दुसऱ्या कामाला देता येत नाही. अभयारण्य असेल तर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. गवताळ माळाला गवताळ माळ म्हणून असं स्वतःचं कवच नाही. म्हणून एखाद्या प्रकल्पाला जागा हवी असली, की बोट पहिल्यांदा त्याच्यावर पडतं. शेत घेतलं तर मोबदला द्यावा लागतो, जंगल घेतलं तर परवानगी लागते, आणि माळ तर 'रिकामा'च असतो.

पण तो रिकामा नाही, हे एकदा नीट पाहिलं पाहिजे.

झाड नसलेल्या जागी राहायचं कसं

माळावरच्या पक्ष्याची सगळी घडण झाड नसण्याला धरून झाली आहे. चंडोल घ्या. बुलबुल झाडाच्या शेंड्यावर बसून गातो. चंडोलाला शेंडाच नाही, म्हणून नर गात गात सरळ आभाळात चढतो, वर थरथरत राहतो आणि गाणं संपत आलं की खाली उतरतो. त्याचं घरटं गवताच्या बुंध्याशी, एखाद्या ढेकळाच्या आडोशाला. धाविक नावाचा पक्षी नावाप्रमाणं धावतो, चार पावलं पळून थांबतो, किडा टिपतो, पुन्हा पळतो. त्याला आखूड गवत आणि उघडी जमीन लागते, कारण उंच गवतात पळता येत नाही. लावा आणि तित्तर यांना मात्र लपायला दाट गवत लागतं. पखुर्डी उघड्या खडकाळ माळावर बसते आणि पाणी प्यायला ठरलेल्या वेळी थव्यानं उडून जाते.

म्हणजे एकाच माळावर कुठं उघडा मुरूम, कुठं घोट्याएवढं गवत, कुठं गुडघ्याएवढी पवन्या-मारवेल, मध्येच एखादं बोरीचं जाळं असं ठिगळाठिगळाचं रान लागतं. हे रान आपोआप टिकत नाही. मेंढरं एका बाजूनं चरत जातात, दुसऱ्या बाजूचं गवत वाढतं, आणि पुढच्या वर्षी उलट होतं. मेंढपाळाचं चराईचं गणित आणि धाविकाच्या विणीचं गणित इतकं एकमेकांत गुंतलेलं आहे, की चराई पूर्ण बंद केली तर काही वर्षांत गवत आणि झुडूप दाट होऊन धाविक निघून जातो. चराई बेसुमार झाली तर तित्तर जातो. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते, की या पक्ष्यांना माणूस नसलेली जागा नको आहे. त्यांना मापात वापरलेली जागा हवी आहे.

हिवाळ्यात याच माळावर पाहुणे येतात. भोवत्या नावाचे शिकारी पक्षी थेट कझाकस्तानच्या बाजूच्या गवताळ मैदानांतून येतात. दिवसभर शेतांवरून आणि माळावरून अगदी खाली, संथ घिरट्या घालत नाकतोडे आणि उंदीर टिपतात आणि रात्री झाडावर न जाता गवतातच, एकत्र, जमिनीवर मुक्काम करतात. त्यांचा मुक्काम नांगरला गेला, तर आसपासच्या कित्येक शिवारांतली नाकतोड्यांवरची राखण जाते. भोरड्या तर सगळ्यांच्या ओळखीच्या. ज्वारी हुरड्यात आली की त्यांचे थवे उतरतात, आणि आमच्या लहानपणी माळ्यावर, म्हणजे शेतातल्या मचाणावर, बसून गोफण फिरवणं हे पोरांचं कामच होतं. शेतकऱ्याला त्या नकोशा वाटतात, ते खरं. पण या भोरड्या टोळ आणि नाकतोडेही फस्त करतात, आणि फाल्गुनाच्या सुमारास पळस फुलला की त्याच्या मधावर तुटून पडतात, म्हणून त्यांना पळसमैना असंही नाव आहे. आता ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली. गोफणी गेल्या, माळे गेले, आणि दाण्यावर जगणाऱ्या पाखरांचं हिवाळ्यातलं एक मोठं ताटही गेलं.

आता वेळेचा प्रश्न. टिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी या सगळ्यांची विणीची मुख्य वेळ मार्च ते जून-जुलै. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला, असं आपल्याकडं म्हणतात ते याच दिवसांत. आणि आपल्या सगळ्या योजनांची खोदकामं कधी होतात? पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये. वृक्षलागवडीचे खड्डे, सलग समतल चर, जेसीबीनं बांधबंदिस्ती, सगळं याच दोन महिन्यांत. अंडी मुरमाच्या रंगाची असल्यानं चालकाला ती दिसत नाहीत. मुद्दाम कोणी मारत नाही, पण हंगामच्या हंगाम जातो.

झाडं लावणं चांगलंच ना?

हा प्रश्न मला शाळेतली मुलं विचारतात, आणि उत्तर देताना जपून द्यावं लागतं. २०१९ मध्ये राज्यानं ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं तेव्हा माझ्याही हातात रोप होतं. मराठवाड्यात झाडं हवीतच. गावात, बांधावर, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, जिथं पूर्वी जंगल होतं आणि तुटलं त्या उतारावर. पण जो माळ मुळात गवताचाच आहे, जिथं मुरमाचा थर वीतभर आणि खाली कातळ, तिथं गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ ओळीनं लावली तर ती दोन उन्हाळ्यांत मरतात, किंवा तगली तर गवत मारतात. झाड आलं की त्यावर कावळा, ससाणा बसतो आणि खालच्या घरट्यांवर त्याची नजर जाते. जमिनीवर अंडी घालणारा पक्षी अशा जागेपासून लांब जातो.

'गवत म्हणजे कार्बन साठवत नाही' हेही चूक. गवताचा साठा जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो, म्हणून वरून दिसत नाही. नांगरलं की तो उघडा पडतो.

पवनचक्की, सौर पॅनल आणि तारा

इथं माझं मन दोन्हीकडं ओढलं जातं. आमच्याकडं रात्रीची थ्री-फेज लाइट आली की शेतकरी बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातो. विंचूकाट्याची, थंडीवाऱ्याची भीती बाळगून जाणारी माणसं मी घरात पाहिली आहेत. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०' दिवसा वीज देण्यासाठी २०२३ मध्ये आली, आणि तिचा हेतू चांगला आहे. मात्र तिच्यासाठी लागणारी जागा पुष्कळ ठिकाणी गायरानातून दिली जाते. सौर आणि पवन प्रकल्पांना २००६च्या अधिसूचनेनुसार जी पर्यावरण मंजुरी आणि जनसुनावणी इतर मोठ्या प्रकल्पांना लागते, ती लागत नाही. त्यामुळे तिथं काय राहतं हे कोणी मोजावं अशी सक्तीच नाही. आमच्या शेजारच्या गावात गायरानाला कुंपण पडलं त्या वर्षी गावातल्या लोकांना ते जेसीबी आल्यावर कळलं.

पवनचक्कीचं पातं लांबून निवांत फिरतं असं वाटतं. मोठ्या चक्कीच्या पात्याचं टोक प्रत्यक्षात ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर वेगानं जातं. गरुड, भोवत्या, गिधाड यांसारखे पक्षी खाली भक्ष्य बघत, गरम हवेच्या प्रवाहावर तरंगतात. बालाघाटाच्या कडा पवनचक्कीला ज्या कारणासाठी सोयीच्या, त्याच कारणासाठी त्यांनाही सोयीच्या.

तारांचं तर त्याहून वाईट. माळढोक, करकोचे, क्रौंच अशा जड पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. उडताना ते खाली जमीन न्याहाळतात, आणि समोरचा भाग त्यांना फारसा दिसत नाही. तार दिसते तेव्हा ती जवळ आलेली असते. नर माळढोकाचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं, एवढं धूड ऐनवेळी वळत नाही. देशात आता दीडशेहूनही कमी माळढोक रानात उरले आहेत आणि मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, म्हणून तारेला धडकून मेलेला एक पक्षीही भरून यायला वर्षं लागतात. राजस्थान आणि गुजरातमधल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये दिला. सगळ्याच तारा खालून नेणं शक्य नाही असं सरकारनं सांगितल्यावर मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. तारांवर फिरत्या चकत्या लावल्या तर पक्ष्यांना त्या आधी दिसतात. हा उपाय त्या मानानं स्वस्त आहे, आणि तो फक्त माळढोकासाठी नाही. रोहित (फ्लेमिंगो), करकोचा, घुबड यांनाही त्याचा उपयोग होतो.

माझं म्हणणं एवढंच, की सौर पॅनल आधी गोदामांच्या, शाळांच्या, कार्यालयांच्या छतांवर, कालव्यांवर आणि खरोखर नापीक झालेल्या जमिनींवर बसवा. माळ द्यायचाच असेल तर आधी एक उन्हाळा आणि एक हिवाळा तिथले पक्षी मोजा.

नान्नजनं शिकवलेलं

संरक्षण म्हणजे रेघ मारणं, असं समजलं की काय होतं ते आपल्या सीमेलाच घडलं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य (सोलापूरजवळचं नान्नज हे त्यातलंच गाव) जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले. लोकांना जमीन विकता येईना, घर वाढवता येईना, कालव्याची कामं अडली. ज्या शेतात माळढोक चरायला यायचा त्या शेतकऱ्याला तो पक्षी म्हणजे कटकट वाटायला लागला. पुढं अभयारण्य कमी करून साधारण १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोवर माणसांचं मन दुरावलं होतं आणि पक्षीही जवळजवळ गेला होता.

मला यात शेतकऱ्याचा दोष दिसत नाही. न विचारता लादलेल्या नियमाचा राग शेवटी त्या पाखरावर निघाला. याच्या उलट अकोला-वाशिमकडच्या माळांवर फासेपारधी समाजातली माणसं तणमोर राखायच्या कामात उतरली. पावसाळ्यात गवतातून दिवसाला शेकडो उड्या मारणारा हा पक्षी कुठं आहे, हे त्यांना जेवढं कळतं तेवढं कोणाला कळणार?

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट वगळून गायरानाबद्दल बोलता येत नाही. इथल्या भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या गायरानाचे तुकडे कसून पोट भरलं आहे. दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४चे भूमिहीन सत्याग्रह आणि पुढं बीडचे एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानातून दिलेला लढा याच जमिनीसाठी होता. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचा निकाल दिल्यावर या कुटुंबांच्या मागं नोटिसा लागल्या. पक्ष्यांचं नाव पुढं करून दोन एकर तूर-ज्वारी करणाऱ्या बाईला उठवणं मला मान्य नाही. तिच्या कोरडवाहू ज्वारीत लावा राहतो, बांधावर चंडोल राहतो. शेकडो एकराला तारेचं कुंपण पडतं तेव्हा तीही जाते आणि चंडोलही जातो.

पाण्याकाठचा कायदा

माळाची गोष्ट पाण्यालाही लागू आहे. पैठणचा नाथसागर १९७६ मध्ये पूर्ण झाला आणि दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचं जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झालं. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदकं तिथं दिसतात, शिवाय रोहितही दिसतात. एवढे पक्षी तिथंच का? कारण धरण उथळ आणि पसरट आहे. पाणी जसजसं मागं हटतं तसतसा ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो, आणि त्या गाळातल्या अळ्या-किड्यांवर चिखल्या, तुतवार पोसतात. त्याच पट्ट्यात गाळपेरीची शेती होते, तिथंच मासेमारीची जाळी लागतात. उन्हाळ्यात बेटं काठाला जोडली गेली की मोकाट कुत्री नदी सुरयच्या अंड्यांपर्यंत पोहोचतात.

बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी: २०१७चे पाणथळ जागांचे नियम सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या जलाशयांना लागू होत नाहीत. आणि मराठवाड्यातले पक्ष्यांचे मोठे पाणवठे म्हणजे जायकवाडी, माजलगाव, मांजरा, येलदरी, सिद्धेश्वर, सगळी धरणंच. जायकवाडी अभयारण्य असल्यानं तिला वन्यजीव कायद्याचा आधार आहे. तरीही तिथं तरंगता सौर प्रकल्प पुढं आलाच. मच्छीमार समाजाच्या समितीनं त्याविरुद्ध दाद मागितली, पण आधी हरित न्यायाधिकरणात आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ती फेटाळली गेली. गावोगावच्या पाझर तलावांना तर तेवढाही आधार नाही.

मग गावाच्या हातात काय आहे?

बरंच आहे, पण ते मागावं लागतं. २००२च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणं बंधनकारक आहे. हरित न्यायाधिकरणानं या नोंदवह्यांना जानेवारी २०२०ची मुदत दिली होती आणि त्या घाईत पुष्कळ वह्या वरवर भरल्या गेल्या. आमच्या गावची वही मी पाहिली. पक्ष्यांच्या पानावर मोर, चिमणी, कावळा, पोपट एवढीच नावं होती. धाविक नाही, पखुर्डी नाही, टिटवीसुद्धा नाही. उद्या कोणी विचारलं की या गायरानावर काय आहे, तर गावाचाच कागद सांगणार, की विशेष काही नाही.

वन्यजीव कायद्यात आणखी दोन वाटा आहेत. सरकारी जमिनीसाठी स्थानिकांशी बोलून 'संवर्धन राखीव' करता येतं, आणि गावाच्या किंवा खाजगी जमिनीसाठी लोकांच्या मर्जीनं 'समुदाय राखीव'. अभयारण्यापेक्षा यात बंधनं सौम्य आहेत. वैजापूरच्या शेजारी येवला तालुक्यात ममदापूरला काळविटांसाठी असं संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि ते गवताळ माळच आहे.

यंदा आम्ही तात्यांना सोबत घेऊन आमच्या वहीचं पान नव्यानं लिहायला घेतलं. नोंद अशी करतो: गायरानाचा गट नंबर, महिना, कोणता पक्षी, घरटं दिसलं का, अंडी किती, कोणी पाहिलं. घरट्याचा फोटो काढून कुठं टाकत नाही, कारण जागा कळली की गर्दी होते आणि मादी घरटं सोडते. ज्यांच्याकडं मोबाइल आहे ते ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही यादी भरतात, ते फुकट आहे. ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असते. आम्ही १ मे धरली आहे. तेव्हा अंडी माळावर असतात, आणि सभेत कोणाला नोंद खोटी वाटली तर त्याला लगेच बरोबर घेऊन जाता येतं. तात्या म्हणाले, चपला बघून टाका म्हणावं सगळ्यांनी.